हार्लन प्रुइटचा ठेका

हॅचर्स बेंडच्या गिरणीतले माग चालू असले, की गिरणीवाडीतल्या घरांच्या फळ्या थरथरायच्या. टेबलावरच्या पेल्यातल्या ताकावर बारीक वर्तुळं उठायची. पाहुण्यारावळ्यांना त्याचा जाच व्हायचा. वाडीतल्या माणसांना उलट माग थांबले की कसंनुसं व्हायचं. चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत त्या शांततेनं बायकांची डोकी दुखायची.

हार्लन प्रुइट अशाच एका थरथरत्या घरात जन्मला. त्याचा बाप हॉइट साचेखात्यात माग दुरुस्त करायचा, आणि चाळिशीच्या आतच त्याचे कान गेले होते. त्याचं कुणाला नवल नव्हतं. साचेखात्यात जन्म काढून कान शाबूत राहिलेला माणूस वाडीत शोधूनही सापडला नसता. ओठ बघून बोलणं ओळखायची विद्या तिथं लहानथोर सगळ्यांना येत होती. हॉइटला ती इतकी येत होती, की रविवारी चर्चमध्ये गायनमंडळातल्या बायका एकमेकींच्या कानाशी काय कुजबुजतात ते त्याला खालच्या बाकावरून कळायचं. त्याची नजर वळली की त्या तोंडावर हात धरायच्या.

हार्लन लहान असतानाच त्याची आई गेली. मागे राहिले बाप आणि लेक. पोरगा ओसरीवर बसून चरबीच्या रिकाम्या डब्यावर चमच्यांनी बडवत राहायचा. शेजारीण वैतागून ओरडायची, "हॉइट, आवर रे त्या कार्ट्याला! माझं बाळ आत्ता कुठं निजलंय!" हॉइट तिचे ओठ वाचूनही न कळल्यासारखं करायचा, आणि त्याला ते खपूनही जायचं. पाळी सुटून घरी आला, की बूट काढायचा, अनवाणी पावलं ओसरीच्या फळ्यांवर टेकवायचा आणि डोळे मिटून बसायचा. लाकडातून पावलात जे चढत यायचं, तेच त्याचं ऐकणं.

एकदा त्यानं मागाचा मोडका दांडा घरी आणला. धोट्याला टोला देणारा, चिवट हिकरीच्या लाकडाचा. तासून, घासून त्याच्या दोन काठ्या केल्या आणि पोरापुढे धरल्या.

"घे. चमचे वाढायला असतात."

काही दिवसांनी ओसरीवर बसल्याबसल्याच तो म्हणाला, "तू पुढं पळतोस."

हार्लन दचकून थांबला. बापाला दिसावं म्हणून तोंड वळवून म्हणाला, "चुकतं का माझं?"

"मी कुठं म्हटलं चुकतं? आमच्या रांगेत एक माग आहे. कितीही आवळा, घटकाभरानं पुन्हा जरासा पुढं पळायला लागतो. वरचे लोक त्याच्या नावानं शिव्या घालतात. मला आवडतो तो."

बापाचं एवढं लांबलचक बोलणं हार्लनच्या वाट्याला क्वचित यायचं. ते त्याच्या मनात राहिलं.

शाळा संपली तेव्हा हार्लन गिरणीत लागला आणि त्याच सुमाराला लॅमर टीग त्याच्या दारात येऊन उभा राहिला. लॅमर गल्लीच्या टोकाला राहायचा. गळा असा, की अंत्यविधीला गायला तर मयताच्या दुष्मनालाही रडू यावं. आणि तोंड असं, की ऐकणाऱ्यानं खिशातली शेवटची सिगारेट काढून द्यावी.

"हार्लन, लेका, आपण बँड काढतोय," लॅमर म्हणाला.

"आपण म्हणजे कोण?"

"मी आणि तू. गिटारवाले काय, झाडाला लटकलेले असतात. एक हलवलं की चार पडतात. ड्रमवाला मिळत नाही."

चार नाही, तीन पडले. पाच जणांचा बँड झाला. रस्त्याकडेला, पडक्या जागी, कुठंही माजतं अशा एका उंच तणाचं नाव त्यांनी घेतलं, डॉगफेनेल. गाईही ते तोंडात धरत नाहीत. लॅमर म्हणायचा, उपटा, जाळा, पुन्हा उगवतं, तसे आपण. तीन वर्षं ते जत्रांत, नाचघरांत, नदीकाठच्या मासे तळण्याच्या जेवणावळीत वाजवत हिंडले. हार्लनचा ठेका जरा पुढं पळायचा, मग गिटारी त्याच्यामागे धावायच्या, लॅमरचा गळा त्यांच्यामागे, आणि गाणं संपेपर्यंत सगळं नाचघर धापा टाकत असायचं. लोकांना तेच हवं असायचं. 'तिसरी पाळी' नावाचं एक गाणं होतं त्यांचं, पहाटे गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बाईचं. ते लागलं की गिरणीतल्या पोरी चपला काढून हातात घ्यायच्या.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात अटलांटाच्या एका कंपनीनं त्यांना रेकॉर्ड करायला बोलावलं. वाडीत ही बातमी वणव्यासारखी पसरली. गिरणीच्या सुपरवायझरनं हार्लनला रजा दिली, वर हात मिळवला. हॉइट फाटकापर्यंत आला. गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं तिच्या टपावर तळहात ठेवला, इंजिन अंदाजल्यासारखा. मग म्हणाला, "जा."

स्टुडिओ टेनेसी नदीच्या काठी, तंबाखूच्या जुन्या गोदामात होता. कंपनीचा ब्रेनर्ड नावाचा माणूस काचेपलीकडे बसायचा. सडपातळ, सभ्य, आवाज कधी न चढवणारा. पहिल्या दिवशी तो नुसता ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं हार्लनच्या कानाला टिकटिक करणारं यंत्र लावलं.

"याच्याबरोबर राहा, बाळा. बस, एवढंच."

हार्लन राहायला बघत होता. पहिल्या कडव्याला जमायचं. दुसऱ्याला लॅमरचा गळा वर चढला, की हातांना कुणीतरी बोट धरून पुढं ओढायचं, आणि टिकटिक मागे पडायची. पुन्हा. पुन्हा पहिल्यापासून. 'तिसरी पाळी' त्यांनी इतक्या वेळा वाजवलं, की त्यातली बाई जणू घरी पोचायचीच नाही. गिटारवाल्यांनी हार्लनकडे बघणं सोडलं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा हार्लन एकटाच ड्रमपाशी बसून कानात टिकटिक ऐकत राहिला.

तिसऱ्या दिवशी ऑब्रे स्टॅग्ज आला. त्याच गावचा, स्टुडिओत भाड्यानं ड्रम वाजवणारा. हातात उकडलेल्या शेंगांची ओली कागदी पिशवी. सगळ्यांना "या, घ्या" म्हणून त्यानं पिशवी फिरवली, हार्लनलाही. हार्लननं मूठभर घेतल्या. मग स्टॅग्जनं गाणं एकदा ऐकलं, मान डोलावली, हार्लनच्या ड्रमवर बसला, आसन दोन बोटं खाली केलं आणि पहिल्या फटक्यात गाणं वाजवून मोकळा झाला. एकही ठोका इकडचा तिकडं नाही. काचेपलीकडे ब्रेनर्डनं खुर्चीला पाठ टेकली.

हार्लन बाहेर जाऊन गाडीत बसला. मुठीतल्या शेंगा तशाच होत्या. थोड्या वेळानं लॅमर आला आणि शेजारी बसला.

"फक्त रेकॉर्डपुरतं आहे," तो म्हणाला. "बाहेर, लोकांपुढं तूच. फोटो तुझा. नाव तुझं. सगळ्या मोठ्या कंपन्यांत असंच चालतं म्हणे."

हार्लन मुठीतली एक शेंग सोलत राहिला.

"अरे, लोकांना काय कळतंय? तबकडीतून ठो ठो आवाज आला की झालं. आणि ब्रेनर्ड म्हणतो, हे असं नाही केलं तर रेकॉर्डच नाही. पाच जणांचा प्रश्न आहे, हार्लन. माझ्या म्हातारीनं अख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "कुणाला सांगायची गरज नाही. तुझ्यासाठीच म्हणतोय मी."

"बरं," हार्लन म्हणाला.

पुढच्या दोन दुपारी तो काचेमागच्या कोचावर बसून आपल्या ड्रमवर दुसऱ्याचं वाजवणं ऐकत होता. स्टॅग्ज वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो जाताना ड्रमवर चादर घालून गेला, आणि जाताजाता हार्लनच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "ड्रम छान लावलेयस रे."

रेकॉर्ड पानगळीत आली, नाव बँडचंच, 'डॉगफेनेल'. वेष्टनावर पाच जण लाल मातीच्या उतारावर उभे, मागे तेच उंच तण. हार्लन डावीकडे, उन्हानं डोळे बारीक केलेला. मागच्या बाजूला छापलेलं: ड्रम, हार्लन प्रुइट. हॅचर्स बेंडच्या दुकानात पहिल्याच दिवशी सगळ्या प्रती उडाल्या. 'तिसरी पाळी' माँटगोमरीपासून सव्हानापर्यंत रेडिओवर वाजायला लागलं. गिरणीच्या भिंतीवर कुणीतरी वेष्टन चिकटवलं.

हार्लन एक प्रत घेऊन बापाकडे गेला. न जाऊन चालणार कसं? पुढच्या खोलीत लाकडी पेटीचा मोठा रेकॉर्ड प्लेअर होता, आईच्या वेळचा. हॉइटनं हात धुतले, पुसले, खुर्ची पेटीजवळ ओढली आणि दोन्ही तळवे लाकडावर ठेवले. हार्लननं सुई टेकवली.

म्हाताऱ्यानं अख्खी बाजू ऐकली. डोळे मिटलेले. तोंडावर काही नाही. सुई शेवटच्या रेघेत खरखरायला लागली तेव्हा त्यानं हात उचलले आणि लेकाकडे बघितलं. वाट बघावी तसा बघत राहिला. हार्लननं वाकून तबकडी उचलली, नको तितकी जपून पाकिटात घातली.

"कशी वाटली, डॅडी?"

"चांगली आहे," हॉइट म्हणाला. "सगळं जागच्या जागी आहे."

त्यानंतर त्या घरात ती रेकॉर्ड पुन्हा लागली नाही. हार्लनला वाटलं, म्हाताऱ्याला गाणी रुचली नाहीत. असं वाटून घेणं त्याला सोयीचंही होतं.

मग दौरे सुरू झाले. लोक आता रेकॉर्ड ऐकून यायचे, आणि रेकॉर्डमध्ये होतं तसंच त्यांना हवं असायचं. मोटेलच्या खोलीत बाकीचे पत्ते कुटायचे तेव्हा हार्लन लहान प्लेअरवर 'डॉगफेनेल' लावून, मांडीवर उशी ठेवून, स्टॅग्जचा एकेक ठोका उशीवर घोटायचा. पळणाऱ्या हातांना त्यानं दावं लावलं. वर्षभरात असं जमलं, की ब्रेनर्डही फसला असता. एकदा मेकनमध्ये एक पोरगा मागच्या दारी थांबून म्हणाला, "मिस्टर प्रुइट, तुमचं बघून मी ड्रम शिकतोय. तो दुसऱ्या कडव्याच्या आधीचा तोडा, तो कसा सुचला हो तुम्हाला?" हार्लन म्हणाला, "बसलो, आणि आला." एवढं बोलून तो बसमागे जाऊन उभा राहिला.

नेल्डा त्याला याच दिवसांत भेटली. जत्रेच्या मैदानात ती रेकॉर्ड छातीशी धरून सरळ त्याच्यापुढं आली आणि बेधडक म्हणाली, "बाकीच्यांच्या सह्या नकोत मला. मी फक्त ड्रम ऐकते." तिचे हात दुसऱ्या गावच्या गिरणीत, रंगारी खात्यातल्या निळीनं नखांपर्यंत निळे होते. हार्लन त्याच क्षणी घसरला. तेव्हाच सांगायचं होतं. पण समोर अशी पोरगी उभी असताना कोणता गडी म्हणेल, की बाई गं, तू ज्याच्यावर भाळलीस तो मी नव्हे? उद्या सांगू म्हणाला. लग्नानंतर सांगू म्हणाला. मूल झाल्यावर म्हणाला. पहिल्या दिवशी राहिलेली गोष्ट दहाव्या वर्षी कुठल्या तोंडानं सांगायची?

दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीनं ड्रमवाला कायमचाच बदलला. गावात सांगितलं गेलं, की हार्लननं संसारासाठी बँड सोडला. लोकांनी त्याबद्दल त्याला अधिकच मान दिला. डॉगफेनेलच्या पुढच्या दोन रेकॉर्ड कुणी फारशा विचारल्या नाहीत, बँड फुटला, लॅमर फ्लोरिडात जाऊन होड्या विकायला लागला. राहिली ती पहिलीच रेकॉर्ड. हार्लन गिरणीत परतला आणि गिरणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवायला लागला. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चच्या जेवणात कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय वाजवलंयस रे तू त्यात!" तो मान हलवून म्हणायचा, "आभारी आहे." त्या दोन शब्दांचा त्याला इतका सराव झाला, की पुढं पुढं ते म्हणताना काही वाटेनासं झालं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

शहाऐंशी साली हॉइट अंथरुणाला खिळला. आयुष्यभर छातीत गेलेला कापूस आता हिशेब मागत होता. दम लागायचा, वाक्य पुरं व्हायचं नाही. हार्लन बस लावून रोज दुपारी त्याच्यापाशी बसायचा. आवाज काढायची गरज नव्हती. ओठ हलवले की म्हाताऱ्याला पोचायचं. खिडकीबाहेर बंद गिरणी, आणि घराच्या फळ्या कधीच्या स्थिर.

एका दुपारी हॉइट म्हणाला, "त्या रेकॉर्डवर... तू नव्हतास."

हार्लनच्या हातात भाकरी कुस्करलेल्या ताकाचा पेला होता. तो त्यानं खाली ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं, डॅडी?"

"हात ठेवला... तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? चौदा वर्षं?"

हॉइट दम गोळा करत राहिला. "तू बोलशील... म्हणून थांबलो होतो."

हार्लननं तोंड फिरवलं, मग लक्षात आलं, की तोंड फिरवलं तर बापाला कळणार नाही आपण काय म्हणतोय. त्यानं तोंड पुन्हा बापाकडे वळवलं. म्हाताऱ्याचा हात गादीच्या कडेनं सरकत पलंगाच्या फळीवर आला.

"वाजव," तो म्हणाला. "तुझं. ओसरीवरचं."

हार्लन पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि फळीवर बोटांनी वाजवायला लागला. सुरुवातीला हलकं, मग भरीव. 'तिसरी पाळी' होतं ते, अजून नाव नव्हतं तेव्हाचं. वाजवताना त्याला वाटलं, जमतंय. बापाची बोटं फळीवर पसरलेली. दुसरं कडवं आलं. हार्लन वाट बघत होता, की आता हात ओढले जातील, आता पळतील. हात जागच्या जागी राहिले. त्यानं मुद्दाम पुढं ढकलून बघितलं. ते पळणं नव्हतं, अडखळणं होतं.

हॉइटनं डोळे उघडले. त्याच्या नजरेत राग नव्हता.

"हा पण... तो दुसराच आहे," तो म्हणाला.

आणि लेकाच्या हातावर हात ठेवून त्यानं ते थांबवलं. पुढच्या आठवड्यात तो गेला. दफनाला लॅमरनं फ्लोरिडाहून फुलं पाठवली.

बाप गेल्यावर हार्लन महिनाभर नीट जेवला नाही. नेल्डाला वाटलं, बापाचं दुःख. होतंच ते. एका शनिवारी तिला मासेमारीला जातो म्हणून सांगून तो गाडी काढून उत्तरेला नदीकाठच्या त्या गावी गेला. ऑब्रे स्टॅग्जचं घर सापडायला वेळ लागला नाही. म्हातारा परसात टोमॅटोच्या वेलांना काठ्या बांधत होता.

"तुम्ही माझ्या ड्रमवर वाजवलंत," हार्लन म्हणाला. "बहात्तर साली. डॉगफेनेल."

स्टॅग्जनं टोपी मागे सारली. आठवायचा खरंच प्रयत्न केला. "बहात्तरच्या उन्हाळ्यात, बाळा, रोज कुणीतरी यायचं. कधी सकाळी एक, दुपारी एक. केसाळ पोरं होती का?"

"सगळेच केसाळ होते तेव्हा."

"तेही खरंच." तो हसला. मग हार्लनचा चेहरा बघून हसू आवरलं. "गाडीत कॅसेट आहे का तिची? ऐकव."

गाडीची दारं उघडी ठेवून दोघं ऐकत बसले. स्टॅग्ज गुडघ्यावर बोटं आपटत होता, अनोळखी माणसाचं गाणं ऐकावं तसा. "असेन मी," तो शेवटी म्हणाला. "मोठ्या ड्रमवरचा पाय माझाच वाटतो. बरं वाजवलंय, नाही?"

"फार छान वाजवलंयत, सर."

"तू रागानं आलायस का?"

"नाही, सर."

"मग?"

हार्लननं कॅसेट बाहेर काढली. एवढ्या लांब येताना त्याच्या मनात होतं, की जगात आणखी एका माणसाच्या उरावर हे ओझं असेल, आणि दोघं मिळून ते घटकाभर खाली ठेवू. त्या माणसाच्या उरावर काहीच नव्हतं. स्टॅग्जनं त्याला पिशवीभर टोमॅटो दिले. ते नेल्डाला काय सांगून द्यायचे म्हणून हार्लननं वाटेत एका पुलावर थांबून नदीत टाकले.

सत्त्याण्णव साली गावानं 'डॉगफेनेल'च्या पंचविशीचा समारंभ केला. गिरणी गेली, तरणी पोरं बर्मिंगहॅमला गेली, गावाकडं दाखवायला उरलं होतं ते एवढंच. हायस्कूलच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या, भट्टीतलं डुकराचं मटण, भेंडी, गोड चहा. लॅमर आला; केस पिकलेले, पोट सुटलेलं, गळा तसाच. महापौर बाईंनी हार्लनच्या हातात माइक दिला. पुढच्या रांगेत नेल्डा, ठेवणीतल्या पिवळ्या पोशाखात.

हार्लन म्हणाला, "मी त्या रेकॉर्डवर वाजवलेलं नाही."

खुर्च्या जराशा किरकिरल्या.

"ड्रम माझे आहेत. वाजवणारा दुसरा. ऑब्रे स्टॅग्ज नावाचा माणूस. एकाही गाण्यात माझा हात नाही. तुम्ही इतकी वर्षं मला जे म्हणत आलात, ते त्याला म्हणायला हवं होतं."

मग मागून कुणीतरी हसलं, आणि पाठोपाठ सगळी व्यायामशाळा हसायला लागली. "हार्लन आणि त्याचा विनय!" न्हावी ओरडला. "मी पाचवीत असताना तुझ्या ओसरीवर ऐकलंय मी तुला!" टाळ्या सुरू झाल्या. हार्लननं लॅमरकडे बघितलं. खोलीत खरं माहीत असलेला तेवढा एकच होता. बाकीच्या तिघांतला एक वारलेला, दोघे आलेले नव्हते.

लॅमर उठला, हार्लनच्या गळ्यात हात टाकला आणि माइकमध्ये म्हणाला, "हा लेकाचा जन्मभर असाच! घ्या, टाळ्या घ्या याच्यासाठी!" आणि गर्दीत फक्त हार्लनला ऐकू जाईल असं पुटपुटला, "आता कशाला रे? कुणाचं भलं आहे यात?"

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत एकटी नेल्डा टाळ्या वाजवत नव्हती. ती नवऱ्याचा चेहरा वाचत होती.

घरी आल्यावर नेल्डा स्वयंपाकघरात पर्स ठेवून म्हणाली, "खरं आहे ना ते?"

"हो."

"आणखी कुणाला माहीत होतं?"

"बँडला. डॅडींना कळलं होतं. स्टॅग्जला सांगायला गेलो होतो, त्याला आठवलं नाही."

"म्हणजे ज्याला आठवतही नाही त्याच्याकडं जाऊन सांगितलंस." ती खुर्चीवर बसली. "आणि मला आज. सगळ्या गावाबरोबर. भेंडी खाता खाता."

"नेल्डा, मला भीती वाटत होती, की तू..."

"मी काय? टाकून गेले असते? एका ड्रमवाल्यासाठी?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "बावीस वर्षांची होते मी, हार्लन. ड्रम ऐकून आले होते, खरं आहे. पण राहिले ते काय ड्रमसाठी? तुझ्या आईच्या पेटीवरची धूळ कोण पुसतं? तुझ्या बापाची थुंकी कुणी काढली? आणि तू इतकी वर्षं धरून चाललास, की या बाईला ती तबकडीच हवी आहे."

ती लेकीच्या रिकाम्या खोलीत निजायला गेली. पूर्वी भांडी घासताना ती 'तिसरी पाळी' गुणगुणायची, तालासाठी ताटलीवर नखानं टकटक करायची. ते बंद झालं. ती चिडून नव्हती. वेळेवर जेवण, वेळेवर चर्च, बोलणं कामापुरतं. हार्लननं ड्रम शाळेच्या वाद्यवृंदाला देऊन टाकले. गावकऱ्यांनी हमरस्त्यावर फलक लावला, त्यावर पाच नावं. हार्लननं महापौर बाईंना भेटून आपलं नाव काढायला सांगितलं. त्या मायेनं म्हणाल्या, "तुम्ही किती चांगले आहात हो, मिस्टर प्रुइट," आणि नाव राहिलं.

पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, जेवणानंतर नेल्डा ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. हार्लन पायरीवर. बराच वेळ शेंगा फुटत राहिल्या.

"तू कसं वाजवायचास?" तिनं अचानक विचारलं. मान वर न करता. "त्याच्या आधी. तुझं तू."

"पुढं पळायचो."

"म्हणजे कसं?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, पोटात जे होतं ना, तसं. किंवा उतारावर पोरगं धावायला लागतं आणि त्याला थांबता येत नाही, थांबायचंही नसतं. तो बोलत होता, हात हवेत उठायचे आणि तिथंच थांबायचे. ती ऐकत होती. बोटं सोलायची थांबली होती.

"डॅडींनी ऐकलं होतं," तो म्हणाला. "पावलांनी."

"मी ऐकलं नाही," नेल्डा म्हणाली. "एकदा तरी ऐकायला मिळायला हवं होतं मला."

हार्लननं मान हलवली. तिनं टोपली थोडी त्याच्याकडे सरकवली. त्यानं एक शेंग उचलली आणि तिच्याबरोबर सोलायला लागला.